परदेशी गेलेल्या वारसाची ठेव

दिवाळीच्या वहीपूजनापूर्वी पेढीवर एक काम निमूटपणे उरकले जाते. जुन्या खतावणीतील सगळ्या बाक्या नव्या वहीत ओढल्या जातात. त्यात एखाद्या आडत्याचे खाते असे असते की, त्याच्याशी दहा वर्षांपूर्वी कडाक्याचे भांडण झाले, तेव्हापासून व्यवहार बंद आहे, रस्त्यात भेट झाली तरी नमस्कार होत नाही. तरीही त्याच्या खात्यावर साडेचार हजार रुपये जमा निघत असतील, तर ते नव्या वहीत जमाच लिहिले जातात. भांडण झाले म्हणून बाकी पुसली, असे ज्या पेढीबद्दल बाजारात कळेल, त्या पेढीची पत टिकत नाही. चाटी गल्लीतला लहानातला लहान दुकानदारही हे जाणतो.

हाच नियम घरात आला की मात्र डळमळतो. सोलापूर, बार्शी, अकलूज, करमाळा या भागांतील जैन कुटुंबांतून गेल्या तीस-चाळीस वर्षांत अनेक मुले-मुली शिक्षणासाठी पुण्या-मुंबईला आणि तेथून अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलियाला गेली. बहुतेकांचे घराशी नाते टिकले. काहींचे तुटले. कोणी समाजाबाहेर विवाह केला, कोणी पेढीत भांडवल मागितले, कोणी वडिलांच्या आजारपणात आला नाही. फोन बंद झाले. पुढे वडील वारले आणि घराच्या मिळकत पत्रिकेवर, बँकेच्या ठेवींवर, शेताच्या सातबाऱ्यावर वारसांची नावे लावण्याची वेळ आली. त्या दिवशी घरातल्या थोरल्यापुढे प्रश्न उभा राहतो : जो वीस वर्षे आला नाही, त्याचे नाव लावायचे काय?

या प्रश्नाची चार सोयीची उत्तरे सर्वत्र ऐकू येतात. नाव लावूच नये, हे पहिले. काही थोडे देऊन मोकळे व्हावे, हे दुसरे. त्याचा वाटा आईवडिलांच्या नावाने मंदिराला द्यावा, हे तिसरे. आणि तो स्वतः येऊन क्षमा मागेल तेव्हा पाहू, हे चौथे. ही चारही उत्तरे शास्त्राच्या आणि कायद्याच्या कसोटीवर तपासून पाहण्यासारखी आहेत.

शास्त्राने ओळखलेला दोष

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात उमास्वामींनी श्रावकाच्या व्रतांचे अतिचार सांगितले आहेत. सत्याणुव्रताच्या पाच अतिचारांत दोन असे आहेत की ते वारसाहक्काच्या प्रकरणासाठीच लिहिले असावेत असे वाटते. एक कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख करणे. दुसरा न्यासापहार, म्हणजे आपल्याकडे ठेवलेली ठेव गिळंकृत करणे.

न्यासापहाराचा अर्थ पूज्यपाद आचार्यांनी सर्वार्थसिद्धीत फार बारकाईने उलगडला आहे. ठेव ठेवणारा मनुष्य स्वतःच आकडा विसरला आहे आणि जेवढे होते त्याहून कमी मागतो आहे. ठेव सांभाळणारा त्याला 'होय, तेवढेच होते' असे म्हणून तेवढेच परत करतो. येथे कोणी तिजोरी फोडलेली नाही, कोणाला धमकावलेले नाही. मागणाऱ्याने मागितले तेवढे दिलेही आहे. तरीही शास्त्राने याला दोष म्हटले, कारण देणाऱ्याला खरा आकडा ठाऊक होता.

परदेशात राहणाऱ्या दुरावलेल्या भावाची स्थिती नेमकी हीच असते. त्याने घर सोडले तेव्हा जुळे सोलापूरच्या बाजूचा प्लॉट कवडीमोल होता. आज त्याची किंमत काय, हे त्याला ठाऊक नाही. वडिलांनी नंतर कोणत्या ठेवी केल्या, कोणते शेअर घेतले, हेही ठाऊक नाही. समजा, वडिलांच्या पश्चात आई, दोन मुलगे आणि एक मुलगी आहेत, मृत्युपत्र नाही आणि वडिलांची स्वकष्टार्जित मालमत्ता ऐंशी लाखांची आहे. प्रत्येकाचा वाटा वीस लाख. धाकटा परदेशातून कळवतो, 'मला भांडायचे नाही, पाच लाख पाठवा, मी सही करतो.' थोरल्याने पाच लाख पाठवले, सही घेतली, तर कागद पुरा झाला. न्यासापहारही पुरा झाला. धाकट्याला वीस लाखांचा आकडा कळवून, कागद दाखवून मग तो 'पाचच द्या' म्हणाला, तर गोष्ट वेगळी आहे. तो त्याचा त्याग आहे. न कळता झालेल्या त्यागाला त्याग म्हणत नाहीत.

कूटलेखक्रियेचे आजचे रूप त्याहून सरळ आहे. वारस नोंदीच्या अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्रात 'यांखेरीज अन्य वारस नाहीत' असे लिहून एक नाव गाळले जाते. हरकतीसाठी जाहीर नोटीस स्थानिक वृत्तपत्रात येते. न्यू जर्सीत किंवा मेलबर्नला बसलेला मनुष्य ते वृत्तपत्र वाचत नाही, हे सर्वांना ठाऊक असते. खोटे प्रतिज्ञापत्र हा कायद्याने गुन्हा आहे. श्रावकासाठी तो व्रतभंगही आहे आणि त्या कागदावर साक्षीदार म्हणून सही करणारे काका-मामाही त्यात सहभागी होतात.

तिसरे उत्तर, म्हणजे त्याच्या वाट्याचे दान करून टाकणे, वरवर पुण्याचे दिसते. त्यावर रत्नकरंड श्रावकाचारात समंतभद्र आचार्यांनी केलेली अचौर्याणुव्रताची व्याख्या पाहावी. दुसऱ्याचे धन ठेवलेले असो, पडलेले असो वा विसरलेले असो, मालकाने ते सोडलेले नसेल तर स्वतः घेऊ नये आणि दुसऱ्यालाही देऊ नये, असा तिचा आशय आहे. 'दुसऱ्यालाही देऊ नये' हा भाग महत्त्वाचा आहे. भावाच्या वाट्यातून बसवलेल्या संगमरवरी फरशीवर आईवडिलांचे नाव कोरले, तरी ते दान भावाच्या संमतीवाचून झालेले असते.

दान कसे करावे याचा आदर्श सोलापूरला बाहेरून आणावा लागत नाही. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी १९४४ मध्ये आपली सुमारे दोन लाखांची सारी संपत्ती जैन संस्कृती संरक्षक संघाला विश्वस्तनिधी म्हणून अर्पण केली. त्यातून उभी राहिलेली जीवराज जैन ग्रंथमाला आज देशभरच्या अभ्यासकांच्या कपाटात आहे. त्यांनी दिले ते स्वतःचे होते, म्हणून ते दान होते.

कायदा काय म्हणतो

वारसाच्या बाबतीत जैन कुटुंबांना १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा लागू होतो. मृत्युपत्र नसेल तर पुरुषाच्या मालमत्तेचे पहिल्या वर्गातील वारस म्हणजे मुलगे, मुली, विधवा पत्नी आणि आई. त्यांचे वाटे समान. वारस कोठे राहतो, कोणत्या देशाचा नागरिक आहे, घराशी बोलतो की नाही, यांपैकी कशानेही वाटा कमी होत नाही. वडिलोपार्जित अविभक्त मालमत्तेत मुलीला जन्मतः सहदायकाचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केले. परदेशात लग्न करून गेलेली बहीणही त्यात येते.

काही समजुती मात्र घट्ट रुजल्या आहेत. त्या एकेक तपासाव्यात.

वडिलांनी हयातीत वृत्तपत्रात नोटीस देऊन मुलाला बेदखल केले होते, म्हणून तो वारस नाही, ही पहिली समजूत. अशा नोटिशीने वारसाहक्क जात नाही. वडिलांना मुलाला वगळायचे असेल तर मृत्युपत्र करावे लागते, आणि तेही केवळ स्वतःच्या मालकीच्या हिश्श्यापुरते चालते.

त्याने परधर्मीयाशी लग्न केले म्हणून हक्क संपला, ही दुसरी. जैन व्यक्तीने विशेष विवाह कायद्याखाली हिंदू, बौद्ध, शीख वा जैन नसलेल्या व्यक्तीशी विवाह केला, तर ती अविभक्त कुटुंबापासून विभक्त मानली जाते, एवढेच. वडिलांच्या वारशाचा तिचा हक्क राहतो. स्वतः धर्मांतर केलेला मुलगाही वारस राहतो. धर्मांतरानंतर जन्मलेली व त्या धर्मात वाढलेली त्याची मुले मात्र आजोबांच्या बाजूच्या नातेवाइकांच्या वारशास अपात्र ठरतात.

ठेवीवर नामनिर्देशन माझे आहे, म्हणून रक्कम माझी, ही तिसरी आणि सर्वांत पसरलेली. बँकेच्या ठेवींबाबत २०१० मध्ये आणि कंपन्यांच्या शेअरबाबत डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, नामनिर्देशित व्यक्ती रक्कम स्वीकारते ती वारसांच्या वतीने. २०२३ चा निर्णय महाराष्ट्राच्या घरोघरी पोहोचलेल्या 'कालनिर्णय'चे संस्थापक जयंतराव साळगावकर यांच्या गुंतवणुकींसंबंधीच्या कौटुंबिक वादातून आलेला आहे. कायद्याच्या दृष्टीने नामनिर्देशित व्यक्ती ठेव सांभाळणारी आहे. शास्त्राचा 'न्यास' आणि न्यायालयाची भाषा येथे एकाच ठिकाणी येतात.

बारा वर्षे होऊन गेली, आता त्याचा काय संबंध, ही चौथी समजूत. एका सहवारसाचा ताबा हा सर्व सहवारसांच्या वतीने असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५६ मध्येच पी. लक्ष्मी रेड्डी प्रकरणात सांगितले आहे. दुसऱ्याचा हक्क उघडपणे, त्याला कळेल अशा रीतीने नाकारल्याशिवाय केवळ वर्षे मोजून त्याचा हक्क बुडत नाही. घरात राहणारा भाऊ वीस वर्षे घरपट्टी भरत आला, तेवढ्याने घर त्याच्या एकट्याचे होत नाही.

मुंबईची दोन उदाहरणे

दुरावा आणि वाटा यांची गल्लत न करण्याचे एक उदाहरण इतिहासात नोंदलेले आहे. राजकारणाविषयीची मते बाजूला ठेवून ते पाहता येईल. मुंबईत वकिली करणाऱ्या महंमद अली जीनांच्या एकुलत्या एका मुलीने, दीनाने, १९३८ मध्ये वडिलांच्या इच्छेविरुद्ध नेव्हिल वाडिया यांच्याशी विवाह केला आणि बापलेकीत अंतर पडले. त्यानंतर लवकरच, ३० मे १९३९ रोजी, जीनांनी मृत्युपत्र केले. त्यात दोन लाख रुपये वेगळे काढून त्यांचे उत्पन्न, सहा टक्क्यांच्या हिशेबाने दरमहा हजार रुपये, मुलीला हयातभर द्यावे आणि तिच्या पश्चात मूळ रक्कम तिच्या मुलांना समान वाटावी, अशी तजवीज होती. राग ओसरण्याची वाट त्यांनी पाहिली नाही. आकडा लिहिला, दर लिहिला, पुढच्या पिढीचाही विचार लिहून ठेवला. दीना वाडिया पुढे न्यूयॉर्कला स्थायिक झाल्या.

दुसरे उदाहरण अलीकडचे आणि व्यापारी घराण्याचे आहे. रेमंड उद्योगसमूहाच्या सिंघानिया घराण्यातील थोरला मुलगा १९९८ मध्ये घरापासून वेगळा होऊन पत्नी-मुलांसह सिंगापूरला गेला. त्या वेळी हक्क सोडल्याचा करार झाला होता. मुले तेव्हा लहान होती. ती मोठी झाल्यावर २०१५ मध्ये त्यांनी वडिलोपार्जित मालमत्तेतील हिश्श्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला आणि आईवडिलांनी केलेल्या त्या कराराला आव्हान दिले. करार बरोबर की चूक, हा न्यायालयाचा विषय. व्यापारी कुटुंबांनी घ्यावयाचा बोध एवढाच की, दुरावलेल्या भावाशी कागद करताना त्याच्या अज्ञान मुलांचा विचार झाला पाहिजे. अज्ञानाच्या स्थावर मालमत्तेची विल्हेवाट लावण्यास नैसर्गिक पालकालाही न्यायालयाची पूर्वपरवानगी लागते. घाईने घेतलेली एक सही सतरा वर्षांनी पुढच्या पिढीच्या दारात उभी राहू शकते.

'आईवडिलांचे मी केले'

या विषयातला सर्वांत दुखरा भाग आता येतो. जो घरी राहिला, त्याने किंवा त्याच्या पत्नीने आईवडिलांचे दुखणे काढले. रात्री-अपरात्री दवाखाना, पथ्यपाणी, देवदर्शन, शेवटच्या दिवसांतील शुश्रूषा हे सारे त्यांनी केले. दूर राहणाऱ्याने वर्षाकाठी एक फोनही केला नाही. आता त्याला समान वाटा द्यायचा, हे मनाला पटत नाही. हे दुःख खोटे नाही आणि कोणी त्याला लोभ म्हणू नये.

तथापि या दुःखाचा हिशेब कसा मांडावा, याचे सरळ आणि वाकडे असे दोन मार्ग आहेत. घर दुरुस्त केले, मालमत्ता कर भरला, वडिलांचे कर्ज फेडले, हा मालमत्तेवरचा खर्च आहे; पावत्यांनिशी तो वाटपात मांडता येतो आणि मांडावाही. त्याचबरोबर घराच्या पुढच्या गाळ्याचे भाडे इतकी वर्षे कोणी घेतले, हेही त्याच कागदावर लिहावे लागते. जमा आणि नावे, दोन्ही बाजू भरल्याशिवाय खाते पुरे होत नाही.

सेवेची गोष्ट वेगळी. सेवेबद्दल कायदा जादा वाटा देत नाही. तो देण्याचा अधिकार आईवडिलांचा होता आणि मृत्युपत्राने त्यांना तो बजावता आला असता. म्हणूनच ज्या घरात आज वृद्ध आईवडील आहेत, त्यांनी सांभाळणाऱ्या मुलाला वा सुनेला काही अधिक द्यावयाचे असेल, तर ते हयातीत, शुद्धीवर असताना, दोन साक्षीदारांसमोर लिहून ठेवावे. ती वेळ निघून गेली असेल, तर सांभाळणाऱ्याने भावाला उघडपणे विचारावे : 'आईची दहा वर्षे आम्ही पाहिली, तुझ्या वाट्यातून त्याचा काही विचार करशील काय?' विचारण्यात कमीपणा नाही. हो म्हणाला तर तो त्याचा कृतज्ञतेचा भाग. नाही म्हणाला तर त्याचे त्याच्यापाशी. न सांगता वजा करून घेणे मात्र सेवेलाही उणेपणा आणते, कारण मग ती सेवा राहत नाही, न ठरवलेली मजुरी होते.

पहिले पत्र

व्यवहाराची सुरुवात वकिलाच्या नोटिशीने करू नये. साधे पत्र किंवा ई-मेल पुरेसा आहे आणि त्यात जुन्या भांडणाचा एक शब्दही नसावा. धाकट्याने थोरल्याला लिहायचे तर ते असे असू शकते :

'तीर्थरूप दादांस सादर नमस्कार. वडिलांच्या मालमत्तेची यादी व अंदाजे किमती सोबत जोडल्या आहेत. त्यांत आपला वाटा एक चतुर्थांश आहे. तो आपणास कोणत्या रूपात हवा, रोख, घरातील हिस्सा की अन्य काही, ते कळवावे. घरखर्चाचा व भाड्याचा हिशेबही जोडला आहे. काही शंका असल्यास आपण नेमाल त्या वकिलास वा सनदी लेखापालास सर्व कागद दाखवण्यात येतील.'

यादी आधी, प्रश्न नंतर, अट कोठेही नाही. पत्राची प्रत आई, बहीण आणि इतर वारसांनाही द्यावी, म्हणजे पुढे कोणी कोणाच्या हेतूवर बोट ठेवणार नाही.

रक्कम पोहोचवण्याची रीत

वाटा मान्य झाल्यावरचा मार्ग वाटतो तितका अवघड नाही. स्थावर मालमत्ता एकाने ठेवून दुसऱ्याला रक्कम द्यावयाची असेल, तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र किंवा वाटणीपत्र करावे आणि दिलेली रक्कम त्यात स्पष्ट लिहावी. भावाला भारतात येणे शक्य नसेल, तर तो तेथील नोटरीसमोर किंवा भारतीय वकिलातीत कुलमुखत्यारपत्र करू शकतो. नोटरीसमोर झालेल्या दस्तावर त्या देशाचे अपॉस्टिल प्रमाणपत्र असावे. भारत २००५ पासून या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेत आहे. असा दस्त भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर येथील मुद्रांक शुल्क भरावे लागते, हे पुष्कळदा विसरले जाते. ठेवी आणि शेअर यांसाठी बँक वा कंपनी दिवाणी न्यायालयाचा उत्तराधिकार दाखला मागू शकते.

रक्कम परदेशस्थ वारसाच्या येथील अनिवासी सामान्य खात्यात, म्हणजे बँकेच्या भाषेत एनआरओ खात्यात, जमा करणे सर्वांत सुरक्षित. वारसाने आलेली मालमत्ता वा तिच्या विक्रीची रक्कम त्या खात्यातून एका आर्थिक वर्षात दहा लाख अमेरिकी डॉलरपर्यंत बाहेर नेता येते. त्यासाठी वारशाचे कागद, कर भरल्याचा पुरावा, प्राप्तिकराचे विहित घोषणापत्र आणि आवश्यक तेथे सनदी लेखापालाचे प्रमाणपत्र लागते. सामान्य कुटुंबाच्या वाटपाला ही मर्यादा पुरून उरते. ओळखीच्या माणसाकरवी रोख पोहोचवणे, किंवा वाट्याची रक्कम कागदोपत्री 'भेट' दाखवणे, हे टाळावे. पहिल्याने कायदा मोडतो. दुसऱ्याने हक्काचे पैसे उपकाराचे ठरतात आणि वाटा पोहोचल्याचा पुरावा राहत नाही.

कराचे म्हणाल तर वारशाने मिळालेली मालमत्ता हे भारतात उत्पन्न धरले जात नाही आणि मालमत्ता शुल्क १९८५ मध्येच रद्द झाले. घर विकून रक्कम वाटली तर भांडवली नफ्यावर कर लागतो. अनिवासी विक्रेत्याच्या हिश्श्यावर खरेदीदाराला करकपात निराळ्या व चढ्या नियमांनी करावी लागते. कपात कमी व्हावी म्हणून आधी अर्ज करून प्राप्तिकर अधिकाऱ्याचा दाखला घेता येतो. भाऊ अमेरिकेचा करदाता असेल, तर एका वर्षात एक लाख डॉलरहून अधिक परदेशी वारसा मिळाल्याची माहिती त्याला तेथील करखात्याला फॉर्म ३५२० वर द्यावी लागते. त्यावर कर नसला तरी माहिती न दिल्यास दंड जबर आहे. ही गोष्ट येथून त्याला कळवणे हाही आपुलकीचाच भाग. शेतजमिनीबाबत एक खुलासा : परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयाला येथे शेतजमीन विकत घेता येत नाही; वारशाने मात्र ती त्याच्या नावे येऊ शकते. तेव्हा 'तो आता परका नागरिक' म्हणून सातबाऱ्यावरून त्याचे नाव गाळता येत नाही.

उत्तरच आले नाही तर

कधी पत्राला उत्तर येत नाही. सात वर्षे ज्याची खबर नाही त्याला मृत मानता येते, असे कोणी सुचवतो. तो नियम ज्याचा ठावठिकाणाच कळत नाही त्याच्यासाठी आहे. पत्ता ठाऊक आहे, मित्रांकडून खुशाली कळते, केवळ रागाने तो बोलत नाही, त्याला हा नियम लावणे म्हणजे पुन्हा कूटलेखच.

अशा वेळी वारस नोंदीत त्याचे नाव लावावे आणि त्याचा हिस्सा जसाच्या तसा राहू द्यावा. भाड्यातील त्याचा भाग स्वतंत्र लिहावा, वर्षाअखेर त्याची नोंद सर्व वारसांना दाखवावी. मालमत्ता विकणे भागच असेल तर दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा करून त्याच्या हिश्श्याचा निर्णय न्यायालयाकडून घ्यावा. वडिलांच्या जुन्या ठेवी तशाच पडू देऊ नयेत. दहा वर्षे हालचाल नसलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे जाते आणि सात वर्षे न घेतलेल्या लाभांशासह शेअर केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार निधीकडे जातात. दोन्हीकडून ते परत मिळतात, परंतु खटपट वाढते. ऑगस्ट २०२३ पासून रिझर्व्ह बँकेच्या 'उद्गम' या संकेतस्थळावर वडिलांच्या नावाच्या विसरलेल्या ठेवी शोधता येतात. यादी करताना हे एकदा अवश्य पाहावे.

आणि दरवर्षी एक पत्र पाठवावे. उत्तराची अपेक्षा न धरता, हिशेबाची प्रत जोडून.

क्षमा आणि हिशेब

उरले चौथे उत्तर : त्याने आधी क्षमा मागावी, मग पाहू. पर्युषणानंतर क्षमावाणीला शेकडो जणांना एकच संदेश पाठवला जातो आणि ज्याच्याशी खरोखर वैर झाले ते एक नाव बहुधा वगळले जाते. त्या नावाशी मन मोकळे करणे कठीण आहे, हे मान्य केले पाहिजे. कोणावर क्षमेची सक्ती करता येत नाही. ती मागण्यास वर्षे लागतात, देण्यासही लागतात, आणि काही घरांत ती वेळ येतही नाही.

परंतु वाटा देण्यासाठी क्षमेची वाट पाहण्याचे कारण नाही. जे आपले नाही ते परत करण्यासाठी समोरच्याचे वागणे चांगले असावे लागत नाही. नात्याचे खाते वेगळे आणि मालकीचे खाते वेगळे. पहिल्यात काय बाकी आहे, कोण चुकले, कोणी किती सोसले, हे दोघांनी आपापल्या मनाशी आणि जमले तर एकमेकांशी बोलावे. दुसऱ्यातील आकडा मात्र ठरलेला आहे आणि तो वेळेवर चुकता करणे एकट्याच्या हातात आहे. समोरचा बदलण्याची वाट न पाहता श्रावकाला जे शुद्ध राखता येते, ते हेच.

ज्या घरांत असा एखादा वाटा बाजूला पडून आहे, त्यांनी येत्या दिवाळीत बाक्या ओढताना त्या नावाचेही खाते उघडावे. जमा बाजूला आकडा लिहावा आणि यादीसह पत्र टाकावे. ते पत्र वाचून भाऊ घरी येईल की नाही, हे सांगता येत नाही. घरातली मुले मात्र ती वही पाहत असतात, आणि उद्या आपसातला हिशेब ती त्याच वहीवरून शिकणार आहेत.